कामगार दिनाला कामगारांचाच पगार कट? आमच्या वेअरहाऊसच्या मॅनेजमेंटला आणि एजन्सीला खुलं पत्र

प्रति,
महापे एमआयडीसीतल्या आमच्या वेअरहाऊसचं मॅनेजमेंट, एचआर टीम, आणि आम्हाला तिथे कामाला लावणारी मॅनपावर एजन्सी

साहेब, मॅडम, नमस्कार.

गेल्या आठवड्यात ॲपवर तुमची नोटीस आली. १ मे, शुक्रवार, वेअरहाऊस बंद. स्टाफला पगारी सुट्टी. अवर्ली असोसिएट्सना, म्हणजे आम्हा तासावर पगार घेणाऱ्या कामगारांना, 'नो वर्क नो पे', आणि ज्यांना तास भरून काढायचे असतील त्यांनी रविवारी ३ मेला नेहमीच्या रेटने यावं. खाली झेंड्याचं चित्र आणि 'महाराष्ट्र दिन व कामगार दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. वाचून आधी आम्ही हसलोच, कारण कामगार दिनाला कामगार सोडून बाकी सगळ्यांना पगार हे लिहिताना कुणाला काहीच कसं वाटलं नाही. मग प्रत्येकीने मनातल्या मनात हिशोब केला आणि हसू गेलं.

मी तुमच्याच पिकिंग फ्लोअरवर, म्हणजे ऑर्डरचा माल रॅकवरून काढून आणायच्या कामाला आहे. घणसोलीला राहते. नवरा रिक्षा चालवतो, म्हणजे घरात महिन्याचा बांधलेला पगार कुणालाच नाही, रिक्षा बंद तर धंदा नाही आणि शिफ्ट बंद तर पगार नाही. त्यामुळे ज्या महिन्यात सण जास्त त्या महिन्यात आमच्याकडे पैसे कमी, आणि खर्च तर सणालाच जास्त असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट आणि ऑक्टोबर आले की किराणावाल्याची वही लांबते. नाव लिहीत नाही कारण आयडी ब्लॉक व्हायला, म्हणजे काम जायला, दोन मिनिटं लागतात हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. पण हे एकटीचं रडगाणं नाही, फ्लोअरवर कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल.

तुमची माणसं आम्हाला नेहमी एकच वाक्य ऐकवतात, "तुम्ही अवर्ली आहात, अवर्लीला हॉलिडे पे नसतो." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की खरंच वाटायला लागलं होतं. मग आमच्यातल्या एकीच्या मुलाने, तो लॉ करतोय, कायदा काढून दाखवला. आपल्या गेटवरच्या केबिनमध्ये गुमास्ता, म्हणजे आस्थापनेच्या नोंदणीचा कागद, फ्रेम करून लावलाय ना, तो ज्या कायद्याखाली मिळतो तोच कायदा, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना, २०१७. तो आला तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला लागू होता. दहा काय नि वीस काय, आपल्याकडे एका शिफ्टलाच शेकड्यांनी माणसं आहेत. त्यात लिहिलंय की प्रत्येक कामगाराला वर्षात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. प्रत्येक कामगाराला. पगार महिन्याचा की तासाचा, कंपनीचा की एजन्सीचा, असा काही भेद तिथे नाही. सुट्टीच्या दिवसाचे पैसे किती तर त्या महिन्यातल्या कमाईची ओव्हरटाइम सोडून जी रोजची सरासरी निघते तेवढे. आणि त्या दिवशी कामावर बोलावलं तर सरासरीच्या दुप्पट, आणि वर बदली सुट्टी. दोन्ही. दोनातलं एक नाही.

आता बघा, कायदा 'सरासरी' म्हणतोय. सरासरी कुणासाठी लागते? ज्याचा पगार रोज सारखा नसतो त्याच्यासाठीच ना. महिन्याच्या पगारवाल्याला सरासरीची गरजच काय, त्याचा पगार कटतच नाही. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आमच्यासारखीच माणसं होती. तासाचा रेट बेकायदा आहे असं मी म्हणतच नाही, वेज कोडमध्येही, म्हणजे पगाराच्या नव्या केंद्रीय कायद्यात, किमान वेतन तासावर, दिवसावर किंवा महिन्यावर ठरवता येतं असं आहे. पण तासाचा रेट ही पैसे मोजायची पद्धत झाली. त्याने आमच्या सुट्ट्या रद्द कशा होतात?

एकेक तक्रार आता सांगते.

सगळ्यात आधी पगाराची स्लिप. तुमच्या स्लिपवर 'हॉलिडे अवर्स' म्हणून एक ओळ आहे, बरं का. प्रत्येक महिन्याला तिथे ०.०० छापून येतं. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, फक्त आकडा टाकायचा नाही असं ठरलंय. एकदा टीम लीडरला विचारलं की दादा ही ओळ कशासाठी आहे मग, तर म्हणाला, "ते टेम्प्लेटमध्ये येतं, डोकं नको लावू."

एकदाच, दोनचार जणींनी लावून धरलं म्हणून, पैसे दिले होते, पण कसे? महिन्याच्या कमाईला ३१ ने भागून. उदाहरण घेऊन सांगते, रेट ८० रुपये तास धरा. महिन्यात २० दिवस आठ तासांची शिफ्ट आणि ४ दिवस तुमची ती चार तासांची हाफ शिफ्ट, झाले १७६ तास, म्हणजे १४,०८० रुपये. कामाचे दिवस २४, तर रोजची सरासरी ५८६ रुपये ६७ पैसे. तुम्ही ३१ ने भागलंत की ४५४ रुपये १९ पैसे होतात. ज्या दिवशी आम्ही आलोच नाही, ज्याचे पैसेच नाहीत, ते दिवस भागाकारात घ्यायचे आणि सरासरी खाली पाडायची. कट करताना मात्र पूर्ण आठ तास कट. कामाच्या दिवसांनीच भागा, आमचं म्हणणं साधं आहे.

मग सुट्टीच्या दिवशीचं काम. गेल्या १५ ऑगस्टला शुक्रवार होता, सेल चालू होता, सगळ्यांना बोलावलं. सुट्टी म्हणून गाड्या कमी, ट्रान्स हार्बर लोकलसाठी स्टेशनवर ताटकळत उभं राहायचं, शेअर रिक्षावाले पण त्या दिवशी जास्त मागतात. सातला गेटवर हजर व्हा म्हणून मेसेज होता. झेंडावंदन झालं, साइट हेडचं भाषण झालं, एक एक लाडू आणि चिवड्याचं पाकीट मिळालं, आणि मग आठला पंचिंग मशीन चालू केलं. म्हणजे राष्ट्रगीत आम्ही बिनपगारी म्हटलं. त्याबद्दल काही नाही, झेंड्यासमोर उभं राहायचे पैसे कोण मागतं. पण पुढचे आठ तास जे पळालो त्याचा रेट ८० चा ८० च. डबल नाही, बदली ऑफ नाही. डबलच्या जागी स्टीलचा टिफिन दिला. टिफिन चांगला आहे, मी वापरते, झाकण घट्ट बसतं. पण ८० च्या हिशोबाने आठ तासांचे डबल म्हणजे १,२८० रुपये होतात आणि वर एक पगारी बदली सुट्टी, ती टिफिनमध्ये मावत नाही.

आणि रोस्टरची चलाखी. माझा वीकली ऑफ गुरुवारी असतो. यंदा २६ जानेवारीला सोमवार होता, तर त्या आठवड्यापुरता ॲपवर माझा ऑफ सोमवारी सरकला. पुढच्या आठवड्यात परत गुरुवार. माझ्या एकटीचा नाही, जवळजवळ आख्ख्या लाइनचा. मग एचआर म्हणतं, तुमचा तर ऑफच होता, हॉलिडेचा प्रश्नच येत नाही. अहो, ऑफ तुम्हीच तिथे नेऊन ठेवलात ना! आठवड्याची सुट्टी वेगळी आणि सणाची सुट्टी वेगळी, दोन्ही एकाच दिवसात कोंबायच्या हा कुठला हिशोब. आता ३ मेचं तेच, रविवारी ज्यांचा ऑफ आहे त्यांनी तो ऑफ सोडून १ मेचे तास भरायचे, तेही साध्या रेटने. ज्या नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळवून दिली ते जन्माने ठाण्याचे, आपल्या इथून ट्रेनने अर्धा तास. त्या आधी मोठ्या गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. एवढ्या वर्षांनी त्यांच्याच जिल्ह्यात आम्ही एक सुट्टी विकून दुसरीचं नुकसान भरून काढायचं.

चार सणांची लिस्ट हेड ऑफिसमधून पीडीएफ होऊन येते. वर्ष सुरू व्हायच्या आधी कामगारांशी ठरवायची असते म्हणे, आम्हाला आजवर कोणी विचारलेलं नाही. त्या लिस्टमध्ये गणेश चतुर्थी नाही. नवी मुंबईत! यंदा १४ सप्टेंबरला सोमवारी गणपती आहेत. त्या दिवशी दरवर्षी अर्ध्या फ्लोअरला अचानक ताप येतो हे तुम्हालाही माहितीये आणि आम्हालाही, मग 'अनऑथराइज्ड ॲब्सेंट' लागतो, मग इन्सेंटिव्ह जातो. सरळ सुट्टी ठेवली तर कुणाला खोटं बोलावं लागणार नाही. आमच्यात ईदवाल्या मुली आहेत, नाताळवाले आहेत, १४ एप्रिलला सुट्टी हवी असणारे तर खूप आहेत. चार सुट्ट्यांत सगळ्यांचं समाधान होणार नाही हे कळतं आम्हाला, पण एकत्र बसून ठरवलं तर भांडण आमचं आमच्यात होईल, तुमच्याशी नाही.

मतदानाचं पण सांगून टाकते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. ज्या बायका गावाला जाऊन मतदान करून आल्या त्यांचे आठ तास कट. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ ब आहे, लोकसभा विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, आणि त्यात साफ लिहिलंय की ज्याला एरवी अशा दिवसाचा पगार मिळत नाही त्यालाही, सुट्टी नसती तर जेवढं कमावलं असतं तेवढं द्यायचं. रोजंदारीवाल्यालासुद्धा. मग 'अवर्लीला नसतो' हे आलं कुठून?

किरकोळ रजेचं तर बोलायलाच नको. आठ दिवस कॅज्युअल पगारी असते, वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक दिवस अशी हक्काची रजा असते. आमच्या ॲपवर लीव्ह बॅलन्सचा टॅबच उघडत नाही. आणि २४० भरत आले की 'ब्रेक' देतात, नवीन आयडी, नवीन जॉइनिंग, परत पहिल्यापासून.

आता मुद्द्याचं, कारण हे सगळं कुठे अडतं ते आम्हाला कळलंय. कंपनीला विचारलं की म्हणतात एजन्सीला विचारा, तुम्ही त्यांच्या पेरोलवर. एजन्सीच्या सुपरवायझरला विचारलं की म्हणतो, "ताई, क्लायंट बिलिंगमध्ये हॉलिडेचा हेडच नाही, मी खिशातून देऊ का?" खरं सांगू का, तो खोटं बोलत नाहीये. एजन्सी कंपनीला बिल लावते ते माणूस-तासावर. जेवढे तास पंच झाले गुणिले रेट, त्यावर मालकाचा पीएफ चार्जेससकट १३ टक्के, ईएसआय सव्वातीन टक्के, एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आणि वर जीएसटी. सुट्टीच्या दिवशी पंच शून्य म्हणजे बिल शून्य. मग एजन्सी कशाला देईल. आणि टेंडरमध्ये जी एजन्सी हॉलिडेचा खर्च धरेल तिचा रेट जास्त दिसणार, तिला कामच मिळणार नाही. म्हणजे कायदा पाळणारा बाहेर आणि न पाळणारा आत, आणि हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय, करार तुमच्या दोघांतला आहे, आम्ही त्यात सहीला पण नाही.

आणि ही रक्कम केवढी आहे ते तरी बघा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ वीकली ऑफ आणि ८ सुट्ट्या काढल्या तर ३०५ दिवस काम. आठ तासांनी २,४४० तास. आठ सुट्ट्यांचे पैसे ८० च्या रेटने ५,१२० रुपये. ते या तासांवर पसरले तर तासाला दोन रुपये दहा पैसे. बिलात एवढी एक ओळ वाढवायची. एका पार्सलवर जो टेप लागतो त्याचा हिशोब तुम्ही मीटरमध्ये ठेवता, बॉक्स मोठा घेतला तर आम्हाला बोलणी बसतात, आणि हे दोन रुपये तुम्हाला बिलात बसवता येत नाहीत हे पटत नाही.

एजन्सीचा एक साहेब एकदा म्हणाला की ८० मध्येच हॉलिडे धरलाय. ठीक आहे, मग स्लिपवर वेगळं दाखवा ना, बेसिक किती आणि हॉलिडेचे किती. दाखवत नाहीत कारण दाखवलं तर बेसिक रेट किती खाली जातो ते दिसेल. ब्रिटनमध्ये अशी पद्धत आहे, ज्यांचे तास ठरलेले नसतात त्यांना १ एप्रिल २०२४ नंतर सुरू झालेल्या रजेच्या वर्षापासून कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के रजा जमा होते, शंभर तास केले की साधारण बारा तास पगारी. त्यांना वर्षाला ५.६ आठवडे रजा, राहिले ४६.४ आठवडे कामाचे, त्याचा भागाकार केला की ते १२.०७ येतं. आणि रजेचे पैसे रोजच्या पगारात मिसळून द्यायचे असतील तर पगाराच्या स्लिपवर वेगळे दाखवावेच लागतात. तिथला कायदा इथे लावा असं माझं म्हणणं नाही, आमचा आमच्यासाठी आहे तेवढा पुरे. एवढंच की तासावाल्याची सुट्टी मोजता येत नाही हे कारण जगात कुठे चालत नाही.

कंपनीवाल्यांना अजून एक, एजन्सीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत. वेज कोडच्या कलम ४३ मध्ये आहे की नोकरीवर ठेवणाऱ्याने त्या कोडप्रमाणे देणं लागतं ते दिलं नाही तर ज्या आस्थापनेत माणूस काम करतो तिच्या मालकावर जबाबदारी येते. स्लिप देणंही त्याच कोडमध्ये बंधनकारक आहे. ही धमकी नाही, तुमच्या लीगलवाल्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

"मग मंथलीवर जा ना" असंही ऐकवतात. कुठे आहे मंथली? गेल्या कित्येक दिवसांत फ्लोअरवर एकही मंथली पोस्ट निघाली नाही. तासावर यायचं आम्ही निवडलेलं नाही, जे होतं ते घेतलं.

आम्हाला हवंय ते एवढंच. १ मेची नोटीस मागे घ्या आणि त्या दिवसाचे पैसे एप्रिल-मेमध्ये कामावर असलेल्या सगळ्यांना द्या, सरासरी काढताना कामाच्या दिवसांनीच भागून. ३ मेला ज्यांना यायचंय ते स्वखुशीने येतील, पण ते १ मेच्या बदल्यात नाही, आणि ज्यांचा ऑफ जाईल त्यांना बदली ऑफची तारीख आधी सांगा. यापुढे सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दुप्पट पैसे, आणि बदली सुट्टी ॲपवर त्याच आठवड्यात दिसली पाहिजे, 'बघू नंतर' नको. सुट्टीच्या आठवड्यात वीकली ऑफ हलवायचा नाही. पुढच्या वर्षाची सणांची लिस्ट डिसेंबरमध्ये प्रत्येक शिफ्टमधले दोन दोन जण बसवून ठरवा, त्यात निम्म्या तरी बायका असू द्या कारण पिकिंगला आम्हीच जास्त आहोत. यंदा निदान चतुर्थी तरी घाला. लीव्ह बॅलन्सचा टॅब उघडा आणि २४० दिवस मोडायला दिलेले ब्रेक बंद करा. मागच्या सुट्ट्यांची थकबाकी काढा, वेज कोडमध्ये दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, तेवढी मागची स्लिप आमच्यापैकी बऱ्याच जणींनी फोनमध्ये जपून ठेवलीय. आणि नवीन टेंडर काढाल तेव्हा बिलात हॉलिडेची ओळ टाका, म्हणजे पुढची एजन्सी तेच रडगाणं गाणार नाही.

कंपनी बंद पडावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही, इथल्या पैशावर आमच्या मुलांच्या फिया जातात. सेलच्या दिवसांत आम्ही किती उचलतो ते तुमच्या डॅशबोर्डवर सेकंदासकट दिसतं. त्यामुळे ३० एप्रिलच्या आत लेखी उत्तर द्या, मराठी आणि हिंदीत, कंपनी आणि एजन्सी दोघांच्या सही-शिक्क्यासह. नाही आलं तर आम्ही सगळ्या मिळून कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज देणार, मसुदा तयार आहे आणि सह्या चालू आहेत. हे पत्र कुणी लिहिलं ते शोधत बसू नका, आणि त्यावरून कुणाचा आयडी ब्लॉक झाला तर ती तक्रारही त्याच अर्जात जाईल.

आपल्या,
पिकिंग, पॅकिंग आणि सॉर्टिंगच्या तिन्ही शिफ्टमधल्या अवर्ली कामगारांच्या वतीने,
घणसोलीची एक पिकर